डिजिटल प्रमाणपत्रातील सार्वजनिक किल्ली : वाचन आणि पारख

संस्थेच्या कार्याचा आढावा ह्या स्मरणिकेत इतरत्र आलाच आहे. आम्ही येथे सभासद बंधुभगिनींचे लक्ष एका अभ्यासाच्या विषयाकडे वेधू इच्छितो. विषय नवा आहे, त्याची परिभाषाही थोडी रुक्ष आहे. परंतु त्याचा संबंध प्रत्येक घरातील कपाटाशी, म्हणजे तेथे जपून ठेवलेल्या कागदपत्रांशी आहे. जन्माचा दाखला, आधार, शाळेची गुणपत्रिका, जमिनीचा उतारा, देणगीची पावती हे सारे कागद आता मोबाइलमधून येतात आणि मोबाइलवरच दाखविले जातात. त्यांतील खरा कोणता व बनावट कोणता, हे ओळखण्याचे शास्त्र कोणते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

विषयाचे प्रयोजन

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके सीमेवरचे. पेडण्यातून पत्रादेवी ओलांडली की बांदा, डिचोलीतून दोडामार्ग ओलांडला की महाराष्ट्र. सोयरीक, शेतीवाडी, नोकरी, दवाखाना ह्यांसाठी आपली माणसे ही सीमा नित्य ओलांडीत आली आहेत. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाने राज्यात येणाऱ्यांस कोविड नसल्याचा चाचणी-अहवाल दाखविणे बंधनकारक झाले, तेव्हा ह्याच नाक्यांवर कागदाला केवढे महत्त्व आले हे सर्वांनी पाहिले आहे. अहवाल निरनिराळ्या प्रयोगशाळांचे. प्रत्येकाचा नमुना वेगळा, शिक्का वेगळा. नाव आणि तारीख बदलून छापलेला अहवाल नुसत्या नजरेने ओळखणे नाक्यावरील माणसाला शक्य नव्हते.

त्याच वर्षी १६ जानेवारीला लसीकरणाची मोहीम सुरू झाली होती. 'कोविन'वरून मिळणाऱ्या लसीच्या प्रमाणपत्रावर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, छापलेला असे. त्यात लस घेणाऱ्याचे नाव व लसीचा तपशील तर होताच, शिवाय त्या तपशिलावर केलेली डिजिटल सहीही होती. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नसे. चाचणी-अहवाल आणि लसीचे प्रमाणपत्र दोन्ही दिसावयास कागदच. परंतु पहिल्याचा भरवसा डोळ्यांवर होता, दुसऱ्याचा गणितावर. हे गणित ज्या अंकांनी चालते त्यांस सार्वजनिक किल्ली म्हणतात.

किल्ली नव्हे, कसोटी

किल्ली म्हटले की ती लपवून ठेवावयाची वस्तू असे मनात येते, आणि 'सार्वजनिक किल्ली' हा शब्द ऐकताच माणूस गोंधळतो. सोनाराच्या कसोटीचा दगड डोळ्यांसमोर आणला तर अर्थ लवकर उलगडेल. त्या दगडावर कोणाचेही सोने कोणीही घासून पाहावे. दगड उघड्यावर पडला म्हणून काही बिघडत नाही. मात्र त्या दगडातून सोने तयार करता येत नाही. सार्वजनिक किल्ली ही अशीच. तिने सही तपासता येते, सही करता येत नाही. सही करण्याची किल्ली निराळी. ती खासगी, आणि ती मात्र सही करणाराच्याच ताब्यात राहिली पाहिजे.

आपल्या जुन्या मोडी पत्रांवर प्रारंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. पोर्तुगीज अमदानीतील दस्तऐवजांस मुद्रांकित कागद आणि नोटरीची सही लागे. ह्या सर्वांत एक उणीव होती. शिक्का एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरविता येई, आणि शिक्क्याला वरच्या मजकुराची ओळख नसे. डिजिटल सही मजकुरावरूनच काढलेली असते, म्हणून ती एका मजकुरावरून दुसऱ्यावर नेता येत नाही.

ही दोन किल्ल्यांची कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तिघांनी तिला व्यवहारात आणणारी रीत शोधली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती 'आरएसए' ह्या नावाने ओळखली जाते.

कागद-पेन्सिलीने करून पाहण्याजोगे गणित

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. ५ आणि ११ ह्या दोन मूळ संख्या घेतल्या. त्यांचा गुणाकार ५५. समजा एका कार्यालयाची सार्वजनिक किल्ली '५५ आणि ३' ही आहे व ती सर्वांना ठाऊक आहे. कार्यालयाने एक दाखला दिला. संगणकाने त्या दाखल्याच्या सर्व मजकुराचा एक ठरावीक रीतीने सारांशांक काढला. तो ७ आला असे धरू. कार्यालयाने आपल्या खासगी किल्लीने, जी येथे २७ आहे, त्यावर सही केली. ती सही म्हणजे २८ हा अंक.

आता दाखला पाहणाऱ्याने काय करावे? २८ चा ३ वेळा गुणाकार करावा : २८ × २८ × २८ = २१,९५२. ह्यास ५५ ने भागावे. भागाकार ३९९ आणि बाकी ७. मजकुराचा सारांशांकही ७. सही जुळली! कोणी दाखल्यातील तारीख बदलली आणि सारांशांक ८ झाला, तर सहीतून येणारी बाकी ७ च राहील. दोन्ही जुळणार नाहीत आणि लबाडी उघडी पडेल.

५५ चे अवयव ५ आणि ११ हे कोणीही सांगेल, आणि ते कळले की २७ ही खासगी किल्लीही काढता येईल. म्हणून प्रत्यक्षात अशी लहान संख्या वापरीत नाहीत. आजच्या प्रमाणपत्रांत आरएसएची किल्ली बहुधा २,०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते. तिचे अवयव पाडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. किल्लीतील दुसरा अंक, जो आपल्या उदाहरणात ३ होता, तो बहुधा ६५,५३७ असतो.

प्रमाणपत्रात काय असते

आता प्रश्न असा, की ही ६१७ अंकी संख्या अमुक कार्यालयाचीच आहे हे आम्ही कशावरून मानावे? कसोटीचा दगड खोटा असेल तर पितळही सोने ठरेल. ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. ज्याला सर्व मानतात असा एखादा तिसरा पक्ष लिहून देतो, की ही किल्ली ह्या नावाची आहे. आणि त्या लिहिण्याखाली तो स्वतःची डिजिटल सही करतो. ह्या लिखाणाचा जगभर चालणारा नमुना 'एक्स ५०९' ह्या नावाने १९८८ साली ठरला.

त्यात मुख्य रकाने असे : प्रमाणपत्राचा अनुक्रमांक; देणाराचे नाव; केव्हापासून केव्हापर्यंत चालेल ती मुदत; ज्याला दिले त्याचे नाव; त्याची सार्वजनिक किल्ली व ती कोणत्या रीतीची आहे हा उल्लेख; किल्ली कोणत्या कामासाठी वापरावी ह्याची मर्यादा; आणि शेवटी देणाराची सही. सरकारी दाखल्यातील रकान्यांहून हे फारसे वेगळे नाही.

आपल्या देशात ह्याला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याखाली प्रमाणन प्राधिकरणांवर एक नियंत्रक केंद्र सरकारने नेमला. नियंत्रकाचे प्रमाणपत्र हे सर्वांचे मूळ. नियंत्रक परवानाधारक प्रमाणन संस्थांना प्रमाणपत्र देतो, आणि त्या संस्था अधिकारी, कंपन्या, विश्वस्त, सनदी लेखापाल अशांना देतात. वंशावळीत नातवापासून आजोबापर्यंत जावे तसे खालच्या प्रमाणपत्रापासून मुळापर्यंत जाता येते. ह्यालाच प्रमाणपत्रांची साखळी म्हणतात.

मोबाइल किल्ली कशी वाचतो

प्रमाणपत्राची फाइल दोन रूपांत आढळते. एक रूप निव्वळ बाइटांचे. ते माणसाला वाचता येत नाही. दुसऱ्यात तेच बाइट इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात, वर-खाली 'बिगिन सर्टिफिकेट' आणि 'एंड सर्टिफिकेट' अशा ओळी असतात, आणि मधला मजकूर बहुधा 'एम-आय-आय' ह्या तीन अक्षरांनी सुरू होतो. अॅप ही वरची-खालची ओळ काढून टाकते, अक्षरांचे पुन्हा बाइट करते आणि रकाने उलगडते. प्रत्येक रकान्यापुढे त्याचा प्रकार आणि लांबी लिहिलेली असते, त्यामुळे एकामागून एक डबा उघडीत गेल्याप्रमाणे किल्लीच्या रकान्यापर्यंत पोहोचता येते.

अॅप तयार करणाऱ्या आमच्या तरुणांना हे सारे हाताने करावे लागत नाही. अँड्रॉइडमध्ये 'सर्टिफिकेट फॅक्टरी' ह्या सोयीला फाइल द्यावी आणि मिळालेल्या प्रमाणपत्राकडे 'गेट पब्लिक की' म्हणून किल्ली मागावी. आयफोनमध्ये 'सेक सर्टिफिकेट कॉपी की' हे तेच काम करते. दोन-चार ओळींत काम होते. परंतु येथेच सावध राहावयास हवे. ह्या सोयी किल्ली काढून देतात. ती विश्वासू आहे किंवा नाही हे त्या सांगत नाहीत. मुदत संपलेल्या, रद्द झालेल्या किंवा कोणी घरी बसून स्वतःच्या नावे बनविलेल्या प्रमाणपत्रातूनही किल्ली तितक्याच सुखाने बाहेर येते. वाचणे हे एक काम आणि पारखणे हे दुसरे.

पारखण्याच्या पायऱ्या चार. प्रमाणपत्राखालची सही देणाराच्या किल्लीने जुळते का? साखळी आपण आधीपासून मानलेल्या मुळापर्यंत पोहोचते का? मुदत चालू आहे, किंवा सही केली तेव्हा चालू होती का? आणि देणाराने ते मध्येच रद्द तर केले नाही ना? चारही उत्तरे समाधानकारक आल्यावरच त्या किल्लीने कागद तपासावा.

आधारवरील क्यूआर कोड

ह्याचे घरोघरचे उदाहरण म्हणजे आधार. त्यावरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता इत्यादी तपशील आणि लहान छायाचित्र दडलेले असते, आणि शेवटचे २५६ बाइट म्हणजे प्राधिकरणाची डिजिटल सही. तपासणाऱ्या अॅपजवळ प्राधिकरणाचे प्रमाणपत्र असते. अॅप त्यातून सार्वजनिक किल्ली काढते, तपशिलाचा सारांशांक काढते आणि सही जुळते का ते पाहते. ह्याला इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या वाड्यावरही ही तपासणी होऊ शकते, हा त्याचा मोठा गुण.

मात्र प्रमाणपत्राची मुदत संपली की नवे प्रमाणपत्र येते. अॅपमध्ये जुनेच राहिले तर नव्या कार्डावरील खरी सहीही जुळत नाही; जुने काढून केवळ नवे ठेवले तर जुन्या कार्डांचे तेच होते. अॅप वेळोवेळी अद्ययावत करावे असे सांगतात ते उगाच नव्हे.

येथे एक भेदही ध्यानात ठेवावा. क्यूआर कोड दिसला म्हणजे त्यात सही असतेच असे नाही. पुष्कळ कागदांवरील क्यूआर कोडात एखाद्या संकेतस्थळाचा नुसता पत्ता असतो. बनावट कागद करणारा बनावट संकेतस्थळही उभारू शकतो, आणि तेथे हिरव्या अक्षरांत 'सत्यापित' असे लिहून ठेवू शकतो. म्हणून क्यूआर वाचल्यावर कोणता पत्ता उघडला, तो खरोखर त्या कार्यालयाचाच आहे का, हे पाहिल्यावाचून मान डोलवू नये.

किल्ली खरी, नाव दुसऱ्याचे

साखळी मुळापर्यंत पोहोचली तरी मधला दुवा सैल असू शकतो, ह्याचा धडा आपल्याच देशात मिळालेला आहे. २ जुलै २०१४ रोजी गुगलच्या लक्षात आले, की गुगलच्या संकेतस्थळांच्या नावे काही प्रमाणपत्रे परस्पर दिली गेली आहेत. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन शाखेकडून निघालेली होती, आणि त्या शाखेच्या वर आपल्या नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र होते. मायक्रोसॉफ्टच्या मान्य मुळांच्या यादीत ते मूळ असल्यामुळे विंडोजवरील पुष्कळ प्रोग्रॅमांनी ती प्रमाणपत्रे बिनतक्रार स्वीकारली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती आणि तीत हे मूळ नव्हते, म्हणून तो बचावला, अँड्रॉइडचेही तसेच. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी त्या शाखेची प्रमाणपत्रे रद्द केली.

त्या प्रमाणपत्रांतून कोणी किल्ली वाचली असती तर ती व्यवस्थित वाचता आली असती. गणितात काहीच चूक नव्हती. चूक होती ती 'ही किल्ली ह्या नावाची' ह्या विधानात. म्हणूनच बँकांसारखी काही अॅप आणखी एक दक्षता घेतात. आपल्या संगणकाची सार्वजनिक किल्ली कोणती ह्याचा सारांशांक ती आधीच अॅपमध्ये नोंदवून ठेवतात, आणि समोरून आलेल्या प्रमाणपत्रातील किल्ली त्याच्याशी ताडून पाहतात. असे करताना संपूर्ण प्रमाणपत्राऐवजी किल्ली नोंदविणे सोयीचे, कारण प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले तरी किल्ली तीच ठेवता येते. शिवाय एक राखीव किल्लीही नोंदवावी, नाही तर किल्ली बदलावी लागताच सर्व ग्राहकांची अॅप एकदम बंद पडतात.

हिरव्या खुणेचा मोह

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तेरेखोल नदीपलीकडे ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे अशा कुटुंबांना त्याचा परिचय असेलच. असा उतारा किंवा आधारची फाइल संगणकावर उघडली की सहीच्या जागी कित्येकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ह्याचा अर्थ सही खोटी असा नव्हे. संगणक म्हणतो, ही सही ज्याची आहे त्याला मी ओळखत नाही. आपल्या नियंत्रकांचे मूळ त्याच्या यादीत नसते एवढेच.

अशा वेळी झेरॉक्सच्या दुकानात काय करतात? दोन बटणे दाबून समोर आलेले प्रमाणपत्र 'विश्वासू' म्हणून नोंदवितात; प्रश्नचिन्ह जाते, हिरवी खूण येते, आणि कागद छापून हाती पडतो. ह्यात जो कागद तपासावयाचा त्याच्याच पोटातील किल्ली आपण डोळे झाकून मान्य केली. उद्या एखाद्याने स्वतःच प्रमाणपत्र बनवून खोट्या उताऱ्यावर सही केली तर ह्याच दोन बटणांनी तीही हिरवी होईल. चोरालाच त्याच्या वर्तणुकीचा दाखला मागण्यासारखे हे झाले.

योग्य रीत अशी : सहीचा तपशील उघडावा, साखळीच्या टोकाला कोण आहे ते पाहावे, तेथे भारताच्या नियंत्रकांचे मूळ असेल तर त्याचा ठसा, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा सारांशांक, नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरील मूळ प्रमाणपत्राशी ताडावा, आणि मगच त्यावर विश्वास ठेवावा. हे एकदा केले की पुन्हा पुन्हा करावे लागत नाही.

छापील कागदावरची हिरवी खूण मात्र निरुपयोगी आहे. छापताच ती नुसते चित्र होते, आणि चित्र कोणीही काढू शकतो. डिजिटल सहीचे कागद फाइलच्या रूपातच जपावेत व फाइलच पाठवावी. फाइलचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकल्यास सही मागेच राहते.

सहीची मर्यादा

ह्या शास्त्राचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२२ साली गोव्यात बनावट दस्तऐवजांच्या आधारे दुसऱ्यांच्या जमिनी बळकावल्याची प्रकरणे उघडकीस आली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव ह्यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला. जुन्या दस्तऐवजातच लबाडी झालेली असेल आणि त्यावरून नोंद बदललेली असेल, तर त्या नोंदीच्या उताऱ्यावरील डिजिटल सही बिनचूक जुळेल. अमक्याने सही केली आणि नंतर मजकूर बदलला नाही, एवढेच सही सांगते. मजकूर मुळात सत्य आहे हे ती सांगत नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि गावच्या घराला कुलूप आहे अशा कुटुंबांनी आपल्या जमिनीच्या नोंदी वर्षातून एकदा तरी काढून वाचाव्यात, हे काम कोणतेही अॅप करणार नाही.

आपल्या घरात व कचेरीत

सार्वजनिक किल्लीबद्दल इतके सांगितल्यावर तिच्या जोडीदाराविषयी दोन शब्द. विश्वस्तांची खासगी किल्ली एका लहानशा यूएसबी टोकनमध्ये असते. कित्येक संस्थांत हे टोकन हिशेब पाहणाऱ्याच्या खणात पडलेले असते आणि पिन त्याच्याच पाठीवर चिकटविलेली असते. सोयीसाठी हे होते, त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु त्या टोकनने केलेली सही कायद्याने विश्वस्ताचीच सही आहे. कायद्याच्या ४२ व्या कलमाने खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास विनाविलंब कळविणे हेही त्याचेच कर्तव्य ठरविले आहे. कोऱ्या कागदावर सही करून देऊ नये असे आपले वडीलधारे सांगत आले. टोकन आणि पिन एकत्र देणे म्हणजे कोऱ्या कागदांचे सबंध पुस्तक सही करून देणे होय.

अभ्यास

मुलांनी पुढील दोन उदाहरणे सोडवून घरातील मोठ्यांस दाखवावीत. एका कार्यालयाची सार्वजनिक किल्ली '३३ आणि ३' आहे. पहिल्या दाखल्याचा सारांशांक ९ व सही १५ आहे. दुसऱ्या दाखल्याचा सारांशांकही ९, परंतु सही १६ आहे. कोणता दाखला खरा? सहीचा ३ वेळा गुणाकार करावा, ३३ ने भागावे आणि बाकी पाहावी.

उत्तर आम्ही मुद्दामच देत नाही. ज्याला ही बाकी काढता आली, त्याला आपला मोबाइल आतल्या आत काय करतो ते कळले. आणि ज्याने त्यापुढे 'पण ही ३३ आणि ३ त्या कार्यालयाचीच कशावरून?' असे विचारले, त्याला हा सारा विषय कळला असे आम्ही समजू.